शेतीचं अनुदान कोणाला मिळतं, कोणाचं अडतं? नागपूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल, नरखेड, मौदा, कुही, भिवापूर, रामटेक, सगळीकडून हे प्रश्न येतात. कोणी फोन करतं, कोणी सातबाऱ्याचा फोटो पाठवून "भाऊ, हे पाहा बरं" एवढंच लिहितं. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. वाचायला बसण्याआधी घरातला सातबारा आणि आठ-अ (तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा खाते उतारा) काढून समोर ठेवा. अर्धी उत्तरं त्या कागदांवरच सापडतील.

१. अनुदान म्हणजे खात्यात पडणारे पैसे तेवढेच का?

नाही. थेट खात्यात येतात ते पीएम किसानसारखे हप्ते. ठिबक, ट्रॅक्टर, फळबाग यांत आधी काम किंवा खरेदी करायची आणि पैसे नंतर मिळतात. तिसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेली किंमत सरकार खत कंपनीला देतं. दुकानातल्या मशीनवर अंगठा घेतात तो त्याच हिशोबासाठी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ आहे, तेही अनुदानच. हा तिसरा प्रकार वावर कसणाऱ्याला मिळतो. पहिले दोन मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्यालाच मिळतात, आणि पुढचे बहुतेक तंटे इथूनच सुरू होतात.

२. पीएम किसान आणि नमो शेतकरी, हे एकच आहे की दोन?

दोन. पीएम किसान केंद्राची योजना: वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. ती फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. नमो शेतकरी महासन्मान निधी राज्याचा, पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, रक्कम तेवढीच. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानच्या यादीत नाव असेल तर राज्याचे पैसे मागोमाग येतात. म्हणून पीएम किसान अडलं की दोन्ही अडतात आणि वर्षाचे १२,००० रुपये जातात.

३. आमच्या घरात चौघांच्या नावावर वावर आहे. चौघांनाही मिळेल का?

पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. एका कुटुंबाला एकच लाभ. नवऱ्याच्या नावे तीन एकर आणि बायकोच्या नावे दोन एकर असली तरी पैसे एकालाच मिळतात. दोघांनी घेतले असतील तर पडताळणीत थांबतात. सज्ञान मुलाच्या नावे स्वतंत्र जमीन असेल तर त्याचं कुटुंब वेगळं धरतात, पण ती जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी त्याच्या नावावर चढलेली हवी. त्यानंतर विकत घेतलेल्या किंवा वडिलांनी जिवंतपणी नावे करून दिलेल्या जमिनीवर नवीन नोंदणी होत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन याला अपवाद आहे (प्रश्न १२ पाहा).

४. भाऊ नोकरीत आहे, मुलगा इंजिनिअर आहे, मी कर भरतो. यातल्या कशामुळे नाव कटतं?

भावाच्या नोकरीने तुमचं नाव कटत नाही, सज्ञान मुलाच्या नोकरीनेही नाही. पती किंवा पत्नी सरकारी नोकरीत असेल किंवा निवृत्त असेल तर कटतं. चतुर्थ श्रेणीला यातून सूट आहे. निवृत्तिवेतन महिन्याला १०,००० किंवा त्याहून जास्त असेल, मागच्या वर्षी प्राप्तिकर भरला असेल, किंवा नोंदणीकृत डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर, वास्तुविशारद म्हणून व्यवसाय चालत असेल तर लाभ नाही. आजी-माजी आमदार, खासदार, मंत्री यांनाही नाही. जमीन किती आहे याची अट मात्र २०१९ च्या जूनमध्येच गेली. तोवर दोन हेक्टरांची मर्यादा होती. आज पन्नास एकर संत्र्याचा मालकही, नाव कटायच्या वरच्या कारणांत येत नसेल तर, ते ६,००० घेऊ शकतो. मला हे पटत नाही, पण नियम असा आहे.

५. फार्मर आयडी काढलाच पाहिजे का? सातबारा पुरेसा नाही का?

काढलाच पाहिजे. कृषी विभागाच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा घेऊन जवळच्या सेवा केंद्रावर जा. तुमचे सगळे गट (सातबाऱ्यावरचे जमिनीचे तुकडे) त्या एकाच क्रमांकाला जोडून घ्या, दुसऱ्या तालुक्यातलेही. काटोलची बाग जोडली आणि कळमेश्वरची तीन एकर राहिली, असं फार वेळा दिसतं. मग कळमेश्वरच्या विहिरीसाठी अर्ज करताना गट क्रमांकच दिसत नाही.

६. सगळ्या गावाला हप्ता आला, मला नाही. पासबुक तर बरोबर दिलं होतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकाच्या नंबरवर येतील असं धरून चालू नका. तुमचं आधार शेवटी ज्या बँक खात्याला जोडलं गेलं, तिथे ते जातात. एखाद्या बाईने बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि तिथे आधार दिलं, की त्या दिवसापासून सगळं अनुदान त्या खात्यात. आजवर "आलेच नाहीत" म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे असेच एका विसरलेल्या खात्यात सापडले आहेत. बँकेत जाऊन एवढंच विचारा: माझं आधार थेट लाभासाठी कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे?

दुसरं कारण ई-केवायसी, म्हणजे आधारवरून तुमची ओळख पटवणं. दिवाळीनंतर एका केंद्रावर मी एका आजोबांसोबत बसलो होतो. महिनाभर कापूस वेचून बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी सोलून निघाली होती. मशीन अंगठा घेईना. त्यांनी धोतराला बोट पुसलं, डोक्यावर घासलं, पाच वेळा दाबलं, दर वेळी लाल दिवा. केंद्रवाल्याने "उद्या या" म्हटलं. त्यांचं गाव अकरा किलोमीटर. शेवटी पीएम किसानच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून दोन मिनिटांत काम झालं. ही सोय आहे हे लोकांना कोणी सांगत नाही. अंगठा उठत नसेल तर चेहऱ्याने ई-केवायसी मागा.

तिसरं कारण म्हणजे जमिनीची नोंद जुळलेली नसणं. ते तहसील स्तरावर दुरुस्त होतं. पीएम किसानच्या संकेतस्थळावर 'लाभार्थी स्थिती' पाहिली की आधार, ई-केवायसी आणि जमीन या तिघांपैकी कुठे 'नाही' आहे ते कळतं. चौकशीचा फोन १५५२६१.

७. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ठिबक यांचा अर्ज कुठे करायचा? लॉटरी लागते ना?

महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर एकच अर्ज. लॉटरी होती, पण २०२५ पासून आधी अर्ज करील त्याला आधी, अशी पद्धत आली. त्यामुळे "पाहू पुढच्या महिन्यात" म्हणू नका.

क्रम लक्षात ठेवा: अर्ज, निवडीचा संदेश, कागदपत्रं चढवणं, पूर्वसंमती, मग खरेदी, जीएसटीचं पक्कं बिल, जागेवर तपासणी आणि शेवटी पैसे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान मिळत नाही. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, कागद मी करतो." त्याच्या भरवशावर आणलेली यंत्रं आजही बिनअनुदानाची उभी आहेत.

८. ठिबकला ८० टक्के म्हणतात, मग मला बिलाच्या निम्मेच कसे मिळाले?

दोन हेक्टरांपर्यंतच्या अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याच्या पूरक योजनेतून २५, असे ८० टक्के. बाकीच्यांना ४५ आणि ३० मिळून ७५. पण हे टक्के तुमच्या बिलावर नसतात, सरकारने ठरवलेल्या हेक्टरी खर्चावर असतात. दोन ओळींतलं अंतर किती, त्यावर तो खर्च बदलतो. संत्र्याच्या सहा मीटर ओळींना नळी कमी लागते, म्हणून ठरवलेला खर्चही कमी. विक्रेत्याने महागडा संच दिला तर वरचा फरक तुमच्या खिशातून जातो. कोटेशन घेतानाच विचारा, "अनुदान वजा जाता मला किती भरायचे?", आणि आकडा लिहून घ्या. एकदा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर पुन्हा सात वर्षांनीच मिळतं.

यंत्रांचं गणित वेगळं आहे. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, इतरांना ४०. ट्रॅक्टरला वरची मर्यादा अनुक्रमे सव्वा लाख आणि एक लाख.

९. आम्ही बौद्ध आहोत. आम्हाला विहिरीसाठी वेगळी योजना आहे का?

आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना. दोन्ही जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून चालतात, अर्ज महाडीबीटीवरच. नवीन विहिरीची रक्कम २०२४ मध्ये अडीच लाखांवरून चार लाख झाली. जातीच्या दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नसेल, तर ते अर्जाआधी नीट करा. 'रामदास' आणि 'रामाजी' एवढ्या फरकावर प्रकरणं परत आली आहेत.

१०. संत्र्याची नवी बाग लावायची आहे. काय मिळेल?

जॉबकार्ड असेल तर आधी रोजगार हमीतून फळबाग. त्यात न बसणाऱ्यांसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. विदर्भात किमान अर्धा एकर (०.२० हेक्टर), कमाल सहा हेक्टर. पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळतात, आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर. कलमं मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती जपा. स्वस्त म्हणून पाणथळ जागेतली रोगट कलमं आणून डिंक्या रोगाने बाग गेली, तर अनुदानही जातं आणि पाच वर्षंही.

११. एक रुपयात विमा बंद झाला म्हणे. आणि अतिवृष्टीचे पैसे म्हणजे विमाच ना?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एक समजल्याने लोक फसतात.

एक रुपयाचा विमा खरीप २०२३ मध्ये आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता सोयाबीन, तूर, धान अशा खरीप पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसाला ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. तुमचं एकट्याचं वावर वाहून गेलं आणि मंडळाची सरासरी चांगली आली, तर हाती काही येत नाही. संत्र्याचा विमा वेगळा: मृग आणि आंबिया बहारासाठी, हवामान केंद्राच्या नोंदींवर. विम्याची मदतवाहिनी १४४४७.

अतिवृष्टीची मदत विमा नसला तरी मिळते. पंचनाम्यात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान हवं. आपत्ती निधीचे मूळ दर हेक्टरी ८,५०० (कोरडवाहू), १७,००० (बागायती) आणि २२,५०० (फळबाग), दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार कधी शासन निर्णय काढून दर किंवा मर्यादा वाढवतं, म्हणून त्या वर्षीचा निर्णय पाहा. यादीत तुमच्या नावासमोर एक विशिष्ट क्रमांक असतो, त्याला लोक व्हीके नंबर म्हणतात. फार्मर आयडी नसेल तर हा क्रमांक घेऊन ई-केवायसी केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

दोन्हींसाठी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, करून ठेवा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये जाहीर झाले, तेव्हा नोंद नसलेल्यांना पऱ्हाटी उभी असूनही हात चोळत बसावं लागलं.

१२. बाबा वारले. हप्ता बंद झाला. सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. आता?

आधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि अर्ज पटवाऱ्याकडे द्या. (कागदोपत्री तलाठ्याचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' आहे, गावात पटवारीच म्हणतात.) वारस नोंदवहीत चढलं, नोटिशीचा काळ संपला, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला, की नावं सातबाऱ्यावर येतात. २०२५ मध्ये राज्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याच कामासाठी. मग पीएम किसानमध्ये वारसाची नवी नोंदणी करा. मृत्यूमुळे आलेली जमीन असल्याने २०१९ ची तारीख आडवी येत नाही.

बाबांच्या खात्यात नंतर पडलेला हप्ता एटीएममधून काढू नका. पुढे वसुली निघते.

१३. सामायिक सातबारा आहे. काका पुण्यात, आत्या भंडाऱ्याला. पैसे कोणाच्या नावावर येतील?

पीएम किसानमध्ये प्रत्येक खातेदार आपल्या कुटुंबासाठी स्वतंत्र पात्र ठरू शकतो. अतिवृष्टी आणि कापूस-सोयाबीनसारख्या मदतीत एकाच्या खात्यात द्यायचं तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ठिबक, विहीर यांनाही इतर खातेदारांची संमती लागते.

कुही तालुक्यातल्या एका विधवा बाईंचं पाहिलेलं सांगतो. सातबाऱ्यावर नऊ नावं. कसणार त्या एकट्या. नऊ सह्यांचा तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या नंदेच्या गावी गेल्या, दिराच्या मुलाकडे नागपुरात दोनदा गेल्या. आठ सह्या झाल्या. नववा पुतण्या सही द्यायला तयार नव्हता, मागच्या भांडणाचा राग. मदत परत गेली. कायमचा उपाय वाटणीच आहे: सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून. नातं गोड आहे तोवर हे करून घ्या.

१४. मी आठ एकर ठेक्याने करतो. मला काय मिळतं?

खरं सांगायचं तर फार थोडं. पीएम किसान नाही, नमो नाही, ठिबक नाही. खताचं अनुदान मिळतं. पीक विमा मिळू शकतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. बँकेचं कर्ज संयुक्त देयता गटातून (एकमेकांची हमी घेणाऱ्यांचा गट), जमिनीचा कागद नसताना मिळू शकतं.

मौद्याकडे धानाची बांधी ठेक्याने करणारे पुष्कळ आहेत. चिखलात तो उतरतो, रोवणीच्या बायांची मजुरी तो देतो, आणि पाणी साचून धान सडलं की मदत नागपुरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात पडते. मालक करार लिहून द्यायला घाबरतो, कारण मनात १९५८ चा विदर्भाचा कुळकायदा बसलेला असतो: कागद केला तर जमीन जाईल. हा अन्याय आहे असं मला वाटतं. नियम बदलेपर्यंत एक करता येतं: ठेका ठरवतानाच, पंचांसमोर, नुकसानभरपाई आली तर ती ठेकेदाराची असं लिहून घ्या. माणूस शब्दाचा असेल तर हा कागद कामी येतो.

१५. बायकोचं नाव सातबाऱ्यावर घातलं तर तिची लाडकी बहीण बंद होते का?

नाव घातल्याने होत नाही. पण तिने पीएम किसान आणि नमोचा लाभ घेतला, तर महिन्याला १,००० तिथून येतात असं धरून लाडकी बहिणीचे १,५०० ऐवजी ५०० मिळतात. एकूण बेरीज तीच राहते.

या भीतीपोटी बायकोचं नाव टाळू नका. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून विनाशुल्क लागतं. ही तरतूद १९९२ पासून आहे. निंदण, वेचणी, रोवणी ती करते. यंत्रावर महिलेला ५० टक्के आहेत (प्रश्न ८). आणि उद्या काही बरंवाईट झालं तर प्रश्न १३ मधल्या बाईंसारखं दारोदार फिरावं लागत नाही.

१६. हिंगण्याकडे आमच्या जमिनीत लेआउट पडलं आहे, पण सातबारा शेतीचाच आहे. हप्ता चालू आहे, चालेल?

जमीन शहराच्या हद्दीत आली म्हणून लाभ जात नाही, शेती होत असेल तर. पण अकृषक झालेली किंवा पेरणीच नसलेली जमीन चालत नाही. उमरेड रोड, हिंगणा, कामठी या बाजूंना प्लॉट पाडून विकलेल्या जमिनींवर हप्ते चालू आहेत. ते आपण होऊन बंद करून घ्या. पोर्टलवर लाभ सोडायची सोय आहे.

१७. रानडुकरांनी हरभरा खाल्ला. विमा की कृषी विभाग?

वन विभाग. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडलाच्या आसपास हे रोजचं आहे. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत वन कार्यालयात अर्ज द्या, फोटो काढा, पंचनामा होईतो वावर नांगरू नका.

१८. शेतात साप चावून माणूस गेला. काही मदत?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना: मृत्यूला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख. वय १० ते ७५. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण, म्हणजे स्वतःच्या नावावर सातबारा नसलेली पत्नी किंवा मुलगाही यात येतो. वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं, वाघ-डुकराचा हल्ला, रस्त्यावरचा अपघात, बाळंतपणातला मृत्यू, सगळं धरलं जातं. अर्ज तालुका कृषी कार्यालयात. दुःखात कोणाचंच भान नसतं, म्हणून शेजाऱ्यांनी एवढं पाहावं: शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. तो अहवाल नसल्याने हक्काचे दोन लाख गमावलेली घरं मी पाहिली आहेत. आत्महत्येच्या प्रकरणी ही योजना नाही. त्यासाठी एक लाखाची वेगळी मदत आहे, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून ठरते.

१९. आमच्या गावात कोणाकोणाला मिळालं ते पाहता येतं का? आणि मला वसुलीची नोटीस आली आहे.

पाहता येतं. पीएम किसानच्या संकेतस्थळावर गावनिहाय यादी आहे, महाडीबीटीवर निधी मिळालेल्यांची यादी आहे. त्यापलीकडे माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

नोटीस आली म्हणजे तुम्ही दोषी ठरलात असं नाही. कारण वाचा. प्राप्तिकराचं असेल आणि खरंच कर भरला असेल, तर पैसे भरून पावती घ्या. नुसतं विवरणपत्र भरलं, कर शून्य होता, तर तशी प्रत जोडून तहसील कार्यालयात लेखी उत्तर द्या. नावसाधर्म्याचे घोळही होतात. तोंडी सांगून परत येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि ती सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा.